फाटकाजवळचा म्हातारा

मी बोळिंजच्या एका शाळेत चित्रकला शिकवते. वर्गाच्या खिडकीतून जीवदानीचा डोंगर चांगला स्वच्छ दिसतो. तरी मुलांना "डोंगर काढा" म्हटलं की सगळा वर्ग मान खाली घालून दोन त्रिकोण काढतो. मधे सूर्य, खाली नदी, नदीत बदक. खिडकीबाहेर बघून काढलेला डोंगर मला आजवर एकदाही मिळालेला नाही. पालकांना त्यात काही वावगं वाटत नाही. एलिमेंटरीच्या परीक्षेत 'ए' ग्रेड आली की त्यांचं काम झालं. या त्रिकोणांनी माझं डोकं इतकं उठवलं, की शेवटी मी निर्मळला, आमच्या घरी, रविवारचा वर्ग सुरू केला. तिथे कागद नाही, पेन्सिल नाही, आणि खोडरबर तर अजिबात नाही.

आमची केळीची वाडी आहे. वाडीत पत्र्याची एक शेड आहे, तिथे पूर्वी टेम्पो येईपर्यंत केळी रचून ठेवत. ती मी साफ करून घेतली. वर्गाला लागणारं सामान वाडीतच पडलेलं असतं: काथ्या, करवंट्या, झावळ्या आणि सोपट. सोपट म्हणजे केळीच्या बुंध्याच्या साली. ताजं सोपट पाण्याने फुगलेलं असतं, वाकवलं की मोडतं. चार दिवस सावलीत ठेवलं तर चामड्यासारखं वळतं. पार वाळलं की त्याच्या उभ्या पट्ट्या निघतात. हे मी मुलांना सांगत नाही. त्यांच्या हातात देते आणि मोडू देते. एखाद्याचं सोपट तिसऱ्यांदा मोडलं की तो स्वतःच विचारतो, "मिस, जुनं आहे का?" तेवढं विचारलं की माझा त्या दिवसाचा पगार वसूल.

सासूबाईंना हा वर्ग म्हणजे शुद्ध खुळेपणा वाटतो. "शाळेत रंग आहेत, कागद आहेत, मग पोरांना कचऱ्यात कशाला बसवतेस?" असं त्या दर रविवारी एकदा म्हणतात आणि मग मुलांसाठी ताटभर उकडलेली केळी पाठवून देतात. त्यांचं नाव मालन. त्यांच्या हाताला चव आहे, जिभेला धार आहे, आणि मी त्यांना थोडी घाबरते.

आता घरातली खरी गोष्ट. माझे सासरे दिवाकर म्हणजे दोन खांद्यांवर केळीचे दोन लोंगर, म्हणजे अख्खे घड, घेऊन शेडपर्यंत डुलत येणारा माणूस. हाक मारली तर पलीकडच्या वाडीतला गडी ओ द्यायचा. गेल्या वर्षी गणपतीनंतर त्यांना झटका आला आणि डावी बाजू गेली. तोंड जरा वाकडं झालं, शब्द जड झाले. डोकं मात्र शाबूत होतं. डॉक्टरांनी सांगितलं, बाहेर बसवा, माणसांत ठेवा, बोलू द्या. सासूबाईंनी औषधं, मालिश, पथ्य, सगळं डोळ्यांत तेल घालून केलं. फक्त माणसांत ठेवा एवढं त्यांनी ऐकलं नाही.

कोणीही भेटायला आलं की त्या ओटीवरच अडवायच्या. "आत्ताच डोळा लागलाय हो." आलेला माणूस चहा पिऊन परत जायचा. सासऱ्यांचा जुना दोस्त सिप्रियनकाका, ज्याची वाडी आमच्या वाडीला लागून आहे, तो तर आठवड्यातून दोनदा यायचा. त्यालाही हेच. मग त्याने येणं सोडलं. माझा नवरा मयूर म्हणायचा, "आईला जमतंय तसं करू दे." म्हणून मीही गप्प होते. पण सासरे दिवसभर मागच्या खोलीत खिडकीशी बसून असत आणि त्यांचं बोलणं कमी कमी होत चाललं होतं. हा माणूस पुन्हा चार माणसांत बसेल की त्या खिडकीतच संपेल, ही काळजी मला रोज जेवताना लागायची. जेवण मात्र सासूबाई नेहमीप्रमाणे उत्तम करायच्या.

ती खिडकी नेमकी माझ्या शेडसमोर येते.

नाताळची सुट्टी लागली आणि मुलांनी जाहीर केलं की आपण म्हातारा करायचा. आमच्याकडे ही जुनी रीत आहे. नाताळ झाला की रस्त्यारस्त्यावर पेंढ्याचे म्हातारे बसतात, जुने कपडे घातलेले, समोर डबा ठेवलेला. येणाऱ्याजाणाऱ्याकडून पोरं म्हाताऱ्याच्या नावाने पैसे मागतात आणि एकतीस तारखेला सरत्या वर्षाबरोबर त्याला जाळून टाकतात. हिंदू पोरं, ख्रिस्ती पोरं, सगळी करतात. म्हातारे मात्र बहुतेक सगळे सारखेच. पँटीत पेंढा, शर्टात पेंढा, आणि वर मुखवटा. म्हणजे पुन्हा दोन त्रिकोण आणि मधे सूर्यच.

"करायचा तर नीट करायचा," मी म्हटलं.

पेंढा उमेळ्याहून आला. माझ्या शाळेत हंसा म्हणून क्लार्क आहे, तिच्या सासरची अजून खाडीकडे भातशेती आहे. तिने स्कूटरवर दोन पोती आणून टाकली आणि मागे बसलेली तिची मुलगी खुशी हीसुद्धा सुट्टीपुरती माझ्याकडे सोपवून गेली. खुशी पाचवीत आहे. बोलते कमी, आणि बोलली की समोरच्याची पंचाईत होते. तिच्याबरोबर दोघे मुख्य कारागीर होते. एक बोळिंजचा पियुष, ज्याच्या आईला अजून वाटतं की मी परीक्षेची तयारी करून घेते. दुसरा आमच्याच आळीतला फ्लॉईड.

पहिला म्हातारा त्यांनी तासाभरात भरला आणि खुर्चीत बसवला. तो घसरला. पुन्हा बसवला, पुढे कलंडला.

"मिस, यो बसतंच नाय," खुशी म्हणाली.

"कारण हा म्हातारा नाही, हे पोतं आहे. म्हातारा कसा बसतो ते बघितलंय का कोणी? जा, बघून या. मग करा."

माझं हे नेहमीचं वाक्य आहे. बघून या, मग करा. मी ते सवयीने बोलले आणि घरात चहा प्यायला गेले.

पुढचे दिवस फार मजेत गेले. शेजारी बिल्डिंगचं काम चालू आहे, तिथून फ्लॉईड सळया बांधायची तार मागून घेऊन आला. कामट्या आणि तार यांचा सांगाडा झाला. पाठीचा कणा पहिल्यांदा फार ताठ झाला. "हा तर लष्करातला वाटतो," असं म्हणून पियुषने तो वाकवला. पेंढा नुसता कोंबायचा नाही, जुड्या बांधून स्नायूंसारखा सांगाड्यावर बसवायचा, हे त्यांचं त्यांनीच शोधलं. हाताची बोटं तारेची केली. मग फ्लॉईडने वाळक्या सोपटाच्या पट्ट्या भिजवून त्यांवर गुंडाळल्या. दुसऱ्या दिवशी बघतो तर सोपट वाळून तारेवर आवळलं होतं आणि त्याला सुरकुत्या पडल्या होत्या. खरोखर म्हातारी कातडी! मुलं आनंदाने ओरडली, मी त्यांच्यापेक्षा मोठ्याने ओरडले. हे मला कोणी शिकवलं नव्हतं आणि मीही त्यांना शिकवलं नव्हतं.

खुशी एकटी हातांचं काम घेऊन बसली होती. डावा हात मांडीवर, तळवा थोडा वर, बोटं आत वळलेली. उजव्या हाताने तो डावा मनगटाशी धरलेला. हे जमवायला तिने तार किती वेळा उलगडली आणि पुन्हा पिळली, त्याला सुमार नाही. मी बघत होते ते तारेचा पीळ, मनगटाचा कोन, वजन कुठे पडतं ते. वीस वर्षं मुलांना बघा बघा म्हणून ओरडणारी मी, समोर कोण बसलंय ते मला दिसलं नाही. डोकं म्हणून सोललेला नारळ लावला. कपडे सासूबाईंनी बोहारणीसाठी बांधून ठेवलेल्या गाठोड्यातले, त्यांनाच विचारून घेतले. नाताळच्या दुसऱ्या दिवशी म्हातारा फाटकाबाहेर, रस्त्याच्या कडेला खुर्चीत बसला. तो घसरला नाही की कलंडला नाही.

लोक थांबायला लागले. इतर म्हाताऱ्यांपाशी लोक हसतात, डब्यात काहीतरी टाकतात आणि जातात. आमच्या म्हाताऱ्यापाशी हसणं मधेच थांबायचं. भाजीवाली जयवंती टोपली डोक्यावर तशीच ठेवून बराच वेळ उभी राहिली आणि मला म्हणाली, "दिवाकरभाऊ बरे आहेत ना?" मी हो म्हटलं. एवढं होऊनही माझ्या टाळक्यात प्रकाश पडला नाही.

मग एका संध्याकाळी फ्लॉईड धावत आला. "मिस, सिप्रियन अंकल आपल्या म्हाताऱ्याशी बोलतात. कालपण बोलत होते. सायकल थांबवतात, एक पाय खाली टेकवतात नि बोलतात."

"काय बोलतात?"

"वाडीचंच. किती केळी गेली, कुठे पाणी सोडलं."

मी हातातलं काम टाकलं आणि फाटकाशी गेले. सिप्रियनकाका तोवर निघून गेला होता. मी रस्ता ओलांडून पलीकडे उभी राहिले आणि पहिल्यांदा त्या म्हाताऱ्याकडे माणसासारखं बघितलं. डावा खांदा उतरलेला. मान किंचित उजवीकडे. आणि तो हात, दुसऱ्या कोणाचा तरी सांभाळायला दिलेला असावा, तसा धरलेला. हे सासूबाईंनी बघायच्या आत काहीतरी करायला हवं होतं.

काही करता आलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी मासेवालीला हाक मारायला सासूबाई स्वतः फाटकाबाहेर गेल्या. मासेवाली थांबली, यांनी पापलेट हातात घेतलं, आणि वळल्या. मी शेडमध्ये होते. मला फक्त त्यांचा आवाज ऐकू आला.

"हेमाली!"

मी आणि मुलं धावत गेलो. सासूबाईंच्या हातात पापलेट तसंच होतं. त्या म्हाताऱ्याकडे बघत नव्हत्या, माझ्याकडे बघत होत्या.

"हे काय केलंस तू? माझ्या नवऱ्याला रस्त्यावर बसवलंस? आणि परवा त्याला जाळणार?"

"आई, मी नाही..."

"त्यांचाच शर्ट! मी माझ्या हाताने दिला! अगं, वर्षभर मी कोणाला पडद्याच्या आत येऊ दिलं नाही, आणि तू पेंढ्याचे दिवाकर करून आख्ख्या गावाला दाखवतेस? काढ ते. आत्ताच्या आत्ता मोड."

पियुष आणि फ्लॉईड माझ्यामागे लपले. खुशी पुढे झाली. "मी नाय तोडनार," ती म्हणाली. "हात मी केलेत."

"कोणाचे हात आहेत ते?" सासूबाईंनी विचारलं.

"आबांचे. खिडकीतल्या."

मासेवालीने टोपली खाली ठेवली. मला वाटलं, आता सासूबाई पोरीला फाडून खातील. खुशीला त्याचा पत्ताच नव्हता. तिला वाटलं, विचारलंय तर नीट सांगावं.

"मिस बोलल्या, म्हातारा कसा बसतो ते बघून या. माझे आजोबा नुसते बसतात. आबा हात सांभालून बसतात. रोज. मना ते आवडलं." मग थोडं थांबून, "ते पन आमच्याकडे बघतात. मी हात दाखवला तार वाकवून, तं ते मान हलवायचे. असं नाय, असं. तेंनीच शिकवलं."

सासूबाईंचं तोंड उघडं राहिलं. माझंही. म्हणजे नाताळच्या आधीपासून हा माणूस खिडकीतून मान हलवून कामावर देखरेख करत होता आणि घरात कोणाला खबर नव्हती.

तेवढ्यात आतून काहीतरी आपटल्याचा आवाज आला. आम्ही पळालो. सासऱ्यांनी उजव्या हाताने स्टीलचा तांब्या जमिनीवर फेकला होता. पडले वगैरे नव्हते. खिडकीशी बसले होते, आणि रागावले होते. वर्षभरात त्यांना मी रागावलेलं पाहिलं नव्हतं. खरं सांगते, मला रडू आलं, इतकं बरं वाटलं.

"आणा," ते म्हणाले. शब्द जड होता, पण स्पष्ट कळला. "त्याला. आणा इथे."

मयूर त्या दिवशी सुट्टीवर होता. त्याने आणि मी म्हातारा खुर्चीसकट उचलून खोलीत आणला आणि सासऱ्यांच्या समोर ठेवला. दोघे एकमेकांसमोर तसेच बसले, डावा हात उजव्या हातात घेऊन. सासूबाई दारात उभ्या राहिल्या, पदर तोंडाला लावून. सासरे बराच वेळ बघत राहिले. मुलंसुद्धा श्वास धरून उभी होती. परीक्षेच्या निकालाला पियुष इतका घाबरलेला नसतो.

"डोकं लहान," सासरे म्हणाले.

फ्लॉईड खुदकन हसला. खरंच लहान होतं. सोललेला नारळ तो, कितीसा असणार?

"सोललेला नको. असोला लावा. मिशी लावा मोठी." एकेक शब्द ते ओढून आणत होते. "मग तो मी नाही. मग जाळा."

"आणि हात?" खुशीने विचारलं.

सासऱ्यांनी हातांकडे पुन्हा बघितलं. "हात चांगले आहेत," ते म्हणाले. "हात काढून ठेव. त्याला दुसरे कर."

खुशीने मान डोलावली. तिच्या दृष्टीने विषय संपला होता. ती तिथेच बसून मनगटाची तार सोडवायला लागली. सासऱ्यांचं मात्र संपलं नव्हतं. त्यांनी उजव्या हाताने म्हाताऱ्याच्या खुर्चीकडे बोट केलं आणि मग फाटकाच्या दिशेने.

"मला. तिथे."

"नको," सासूबाई म्हणाल्या. आवाज एकदम बारीक झाला होता. "नको हो. लोक बघतील. तुम्हाला असं बघितलेलं तुम्हाला आवडायचं नाही."

"कोणी विचारलं मला?"

सासूबाईंनी पेंढ्याच्या म्हाताऱ्याकडे बघितलं.

"त्याला बघतातच ना," सासरे म्हणाले. "मग मला बघू दे."

सासूबाई तडक आत निघून गेल्या. मला वाटलं, आता दोन दिवस अबोला, आणि त्याचं सगळं खापर माझ्यावर. मयूर माझ्याकडे बघत होता, मी मयूरकडे. कपाट उघडल्याचा आवाज आला. सासूबाई परत आल्या त्या पांढरा शर्ट आणि कंगवा घेऊन. लग्नकार्याला घालायचा शर्ट होता तो. त्यांनी नवऱ्याचा डावा हात बाहीत घातला, मग उजवा, गळ्यापर्यंत बटणं लावली, केस विंचरले. सगळं करताना रडत होत्या आणि मधेच आम्हाला ओरडल्या, "उभे काय राहिलात? खुर्ची पुसा आधी, सगळा पेंढा लागलाय!"

संध्याकाळी आम्ही त्यांना फाटकाबाहेर बसवलं. शर्ट सोडला तर खुर्ची तीच, जागा तीच, बसणंही तेच. समोरचा डबा काढायला मात्र सगळे विसरलो. मुलं शेडमध्ये नव्या डोक्याच्या मागे लागली होती. मी फाटकाच्या आत, सासूबाई माझ्या शेजारी. त्या दर मिनिटाला रस्त्याकडे बघत होत्या आणि कोणी येताना दिसलं की माझं मनगट दाबत होत्या. एक स्कूटरवाला गेला, त्याने बघितलंच नाही. दोन मुली गेल्या, बोलत बोलत.

मग सिप्रियनकाकाची सायकल आली. मागे केळीची पानं बांधलेली होती. त्याने रोजच्यासारखी सायकल थांबवली, एक पाय खाली टेकवला आणि हँडलला अडकवलेली पिशवी नीट करत बोलायला लागला. वर मान करून बघितलंही नाही. पेंढ्याच्या माणसाकडे रोज रोज काय बघायचं?

"आज पानी सोडलं बघ तुझ्या बाजूला पन. विहिरीकडची तुझी वेलची केळ हाय ना, ती वाकली होती. लोंगर मोठा धरलाय तिने. मयूरला कुठे वेळ हाय. मीच बांबू आणला नि टेकू दिला."

सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. सिप्रियनकाका आमच्या वाडीकडे बघतो, हे आमच्यापैकी कोणालाच ठाऊक नव्हतं.

"कुठल्या बाजूने दिलास?" सासऱ्यांनी विचारलं.

"विहिरीच्या बाजूने. तिथेच झुकली होती, मग तिथूनच..."

सिप्रियनकाका थांबला. पिशवी तशीच हातात. मग त्याने हळूहळू मान वर केली. सायकल त्याच्या हातातून सुटली आणि सगळी पानं रस्त्यावर पसरली. त्याने ती उचलली नाहीत. त्याला काहीतरी बोलायचं होतं, ते त्याला जमेना. शब्द त्याचेच जड झाले होते.

सासूबाईंनी माझं मनगट सोडलं. फाटक उघडून त्या बाहेर गेल्या, वाकून पानं गोळा केली आणि सायकलच्या मागे नीट ठेवली.

"बसा, सिप्रियनभाऊ," त्या म्हणाल्या. "मी खुर्ची आणते."